घरच्या बॅटरीची चावी

दत्ता,

परवा दुपारी आपल्या गाडीत चहा करायला म्हणून चढलो आणि दिवा लागला नाही.

तू असतास तर आधी माझी परीक्षा घेतली असतीस. 'मास्तर, दिवो लागलो ना म्हणजे कितें? एक लागलो ना काय तिनूय?' तिन्ही लागले नाहीत. पाण्याचा पंपही घरघरला नाही. मोबाइल लावायची जागा मेलेली. पंख्याचं विचारशील, तर पंख्याच्या बटणाला मी हात लावला नाही, त्याचं कारण तुलाही माहीत आहे. इंजिन मात्र पहिल्या झटक्यात सुरू झालं, हॉर्न वाजला, पुढचे दिवे लागले. म्हणजे गाडी ठीक होती आणि गाडीतलं घर तेवढं बंद पडलं होतं.

तुला जाऊन महिना आणि वर चार दिवस झाले. बाराव्याला पाळी गावात तुझ्या घरी आलो, जेवलो, लोकांशी बोललो, आणि त्यानंतर गाडीकडे फिरकलो नव्हतो. ती माझ्या अंगणात फणसाखाली उभीच आहे. तुमच्या गल्लीत ती वळत नाही म्हणून पहिल्या दिवसापासून ती कारापूरला माझ्याकडे राहिली. सकाळी जनेल उघडलं की समोर तीच दिसते. महिनाभर ते जनेल मी उघडलं नाही. घरात आधीच एकटा माणूस, त्यात काळोख. शेवटी परवा स्वतःलाच म्हटलं, सदाशिव, ती मिनीबस आहे, वाघ नव्हे. आणि चढलो.

आपण दोघांनी मिळून ती घेतली तेव्हा साखळीपासून डिचोलीपर्यंत लोक हसले होते. तुझी खाण बंद पडलेली, माझी शाळा सुटलेली, माझी बायको जाऊन दोन वर्षं झालेली. दोन म्हातारे खाणीच्या कामगारांची जुनी मिनीबस विकत घेतात आणि तिच्यात बिछाने घालतात, शेगडी घालतात. 'पिकल्या पानांचा संसार' म्हणायचे. तू तीस वर्षं खाणीतल्या गाड्यांच्या वायरी केलेला माणूस, तुला सगळं यायचं. मला काही येत नव्हतं. तू मला खाली बसवून शिकवलंस, आणि शाळेत मी ज्या स्वरात पोरांवर ओरडायचो त्याच स्वरात माझ्यावर ओरडलास. गाडीत बॅटऱ्या दोन, एक इंजिनची आणि एक घरची. इंजिनची बॅटरी घराला द्यायची नाही आणि घरची इंजिनला मागायची नाही. घरच्या बॅटरीला टपावरचं सोलर पॅनेल ऊन देतं, आणि बॅटरीतून वीज लाल स्विचमधून फ्यूजच्या पेटीत जाते, पेटीतून सगळीकडे. एवढं पाठ झालं का, मास्तर? झालं होतं रे. अजूनही आहे.

म्हणून परवा मी तुझ्याच पद्धतीनं लागलो. दिव्यापाशी खटपट करायची नाही, जिथून वीज निघते तिथून चालत यायचं. बिछान्याची फळी उचलली, तुझा मीटर काढला, लाल काडी लाल टोकाला, काळी काळ्याला. बारा पॉइंट सात. बॅटरी भरलेली. महिनाभर कोणी काही वापरलं नाही आणि पॅनेल रोज ऊन पाजत राहिलं, ती भरणारच. टोकांवर पांढरी बुरशी आली होती, ती गरम पाण्यानं आणि जुन्या दातांच्या ब्रशानं साफ केली. नट आवळले. काळी वायर चेसिसला जिथं बोल्ट केलीय तिथं गंज होता, तो खरवडला. मग फ्यूज. एकेक उपटून उजेडात धरून बघितला, सगळे धड होते. प्रत्येक वेळी खाली वाकताना कंबर बोलत होती आणि फटीतून तुमच्या पाळीची तांबडी धूळ हाताला लागत होती. दोन वर्षं आपण गाडी धुतोय, तरी ती कुठून येते कोण जाणे.

शेवटी पेटीत जिथं वीज येते तिथं काड्या लावल्या. शून्य.

म्हणजे बॅटरीपर्यंत आहे आणि पेटीपर्यंत नाही. मधे हातभर वायर आणि तुझा तो लाल स्विच, चावी घालून फिरवल्याशिवाय वीज न सोडणारा. लाल स्विचच्या तोंडात चावी नव्हती.

आता खरं सांगतो. हे मला पहिल्या मिनिटालाच माहीत होतं. फळी उचलल्या उचलल्या माझं लक्ष त्या रिकाम्या भोकाकडेच गेलं होतं. पण मी दीड तास बाकीचं सगळं तपासत बसलो. फ्यूज उडलेला निघावा, वायर उंदरानं खाल्लेली निघावी, काहीही निघावं असं वाटत होतं. कारण चावी नाही याचा अर्थ एकच होता, ती तू रागानं नेलीस.

दर खेपेला गाडी अंगणात लावलीस की तू चावी काढायचास आणि माझ्या सोप्यावरच्या खुंटीला अडकवून ओरडायचास, 'मास्तर, चावी खुटयेक आसा रे!' मग तांब्याभर पाणी, मग चहा, मग राजकारण, मग शेवटची बस. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तू गाडी लावलीस, उतरलास आणि फाटकातून चालू पडलास. खुंटीकडे आला नाहीस. मी जनेलाच्या आड उभा होतो. तुझी पाठ दिसत होती, उजवा हात खिशात होता. मी हाक मारली असती तर दहा पावलांवर होतास. मारली नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी आपली दोघांची जात.

आणि भांडण कशावरून, तर पंख्यावरून.

केरीला समुद्रकाठच्या सुरूच्या झाडांत गाडी लावून आपण रात्र काढली होती. सकाळी मी बेकरीतून उंडे, आपले गोल पाव, आणायला गेलो, परत येतो तर तू तोंड फुगवून बसलेला. घरची बॅटरी पार बसली होती. म्हणालास, पंखा रात्रभर चालू ठेवलास. मी म्हटलं, मी बंद करून झोपलो. झोप लागता लागता गार वाटलं म्हणून हात लांब करून बटण दाबल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. तू म्हणालास, मी आधीच बंद केला होता तो, तू दाबून चालू केलास. ते बटण असलं नालायक की एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, आणि नुसतं बघून चालू की बंद ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. ते बसवलं कोणी? तूच. हेही मी ऐकवलं.

तू लाल चावी काढून खिशात टाकलीस आणि म्हणालास, 'आतां हात लावं नाका. सांजेक बॅटरी भरतली, मागीर चावी घालून बघया. पंखो फिरलो तर मास्तर फटिंग.'

खोटारडा म्हणालास मला. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या. मग मी पंखा सोडला आणि चावी धरली. दोन वर्षं तुंबलेलं सगळं बाहेर काढलं. गाडी दोघांची आणि चावी एकट्याच्या खिशात का? तू कोळ्यांच्या होड्या बघत वाळूत दोन दोन तास हिंडणार आणि मी आत काळोखात, पंपाला पाणी नाही म्हणून चूळ भरायचीही सोय नाही. तुझी खाण बंद पडली रे बाबा, इथं डंपर नाहीत, मी तुझा हेल्पर नाही. दुसरी चावी आण, नाहीतर ही गाडी तुझी तुला लखलाभ. असं म्हणून पिशवी उचलली आणि केरीच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. उंडे तिथंच राहिले, आणि संध्याकाळी गाडी माझ्या अंगणात आणलीस ती तू एकट्यानं.

दुसरी चावी मागितली तेव्हा मी काय मागत होतो ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तू मला सांगितलं होतंस. पहिल्याच पावसाळ्यात, गाडीच्या दारात पाय सोडून बसला होतास, तेव्हा एकदाच. खाणीतला नियम, यंत्राखाली जो काम करतो त्यानं बॅटरीची चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. तो बाहेर आल्याशिवाय यंत्राला वीज नाही. त्या वेळी एका लोडरला सोयीसाठी कोणीतरी दुसरी चावी करून घेतली होती. बेळगावकडचा एक माणूस पुढे पट्टा बदलत होता, पहिली चावी त्याच्या खिशात होती. केबिनमध्ये चढलेल्यानं दुसरी घातली आणि स्टार्टर मारला. त्या माणसाची तीन बोटं गेली. मी विचारलं, चढला कोण होता? तू बाहेर पावसाकडे बघत म्हणालास, 'हांव.' तूच चढला होतास.

त्यानंतर आयुष्यभर तुझं एकच म्हणणं. 'चावी एकूच आसूंक जाय. दोन चावयो म्हणजे दोन धनी.' आणि चावी घालण्याआधी, गाडीखाली कुत्रंसुद्धा नसलं तरी, तीनदा हाक द्यायची, 'सकयल कोण आसा?' खाली कोणी आहे का. ओ आली नाही तरच चावी फिरवायची. आपण दोघंच, मी तुझ्या डोळ्यांसमोर बसलेला, तरी तू ओरडायचास. केरीला पर्यटक माना वळवून बघायचे. मी चिडवायला आतून म्हणायचो, 'हांव आसां!' की तू चावी बाजूला ठेवून गप्प बसून राहायचास. मी खाली उतरून समोर येऊन उभा राहीपर्यंत फिरवायचा नाहीस. अशा माणसाकडे मी दुसरी चावी मागितली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. तुझा नंबर. मी मनात म्हटलं, आला शरण. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तर सुमनवहिनींचा आवाज. साखळीच्या बसस्टॉपवर तू बसल्या बसल्या कलंडलास, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ते दोनदा वाजू दिलेले फोन मी अजून कोणाला सांगितलेले नाहीत. उचलले असते तरी तू नव्हतासच, हे मला कळतं. तरी ते कानातून जात नाहीत.

परवा त्या रिकाम्या भोकासमोर बसून मी दुसराही विचार केला. साखळीतला कुठलाही मेकॅनिक दोन वायरी जोडून दोन मिनिटांत घर चालू करून देईल. मलाही जमलं असतं. पण दिव्याची मला तेवढी पडलेली नव्हती. तू रागातच गेलास का, एवढंच मला हवं होतं. म्हणून काल सकाळी पाळीची बस धरली.

वहिनी दारातच होत्या. वाळल्यात. 'भावजी, बाराव्याउपरांत आज पाय लागलो,' एवढंच म्हणाल्या, आणि ते लागलं मला. चहा केला. तुझा फोटो पुढच्या खोलीत लावलाय, तो लायसन्सचा, ज्यात तू पोलिसावर चिडल्यासारखा दिसतोस. त्याच्यापुढे निरांजन, अबोलीची वेणी, आणि वेणीच्या मधोमध लाल प्लॅस्टिकची चावी. तुझी. कान झिजलेला, सुतळी बांधलेली.

मी बघतोय हे वहिनींनी बघितलं. म्हणाल्या, 'भावजी, ती खंयच्या कुलपाची ती तुमका म्हायत आसा? हॉस्पिटलात तेंच्या खिशात गावली.' मग सगळं सांगत बसल्या. कपाटाला लावून बघितली, तुझ्या हत्यारांच्या ट्रंकेला लावली, तुझ्या भावानं गोठ्याच्या कुलपातसुद्धा घालून बघितली. अंगठ्याएवढी जाड चावी, कुठे जाणार? नवऱ्यानं आपल्यापासून काय कुलपात ठेवलं होतं या विचारानं त्यांना झोप नाही. शेवटी म्हणाल्या, असेल काही त्यांचं, म्हणून बाराव्यानंतर फोटोपुढे ठेवली. तेव्हापासून त्या बॅटरीच्या चावीला रोज हळदकुंकू होतंय. तुला किती आवडलं असतं हे.

मी सांगितलं, वहिनी, ती गाडीतल्या बॅटरीची चावी. कुठलंही कुलूप नाही, कुठलंही गुपित नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग हसल्या. आणि हसता हसता म्हणाल्या, 'मगे दोन कित्याक?'

मी म्हटलं, दोन?

त्यांनी निरांजनाच्या मागून दुसरी काढून माझ्या हातात ठेवली. तशीच लाल चावी. कोरी करकरीत, पाकिटातून बाहेरही न काढलेली. 'हीय खिशात होती. त्या दिसा मोटारीच्या सामानाच्या दुकानात जावन येतंय म्हणान गेले ते गेलेच.'

दत्ता, तू ती चावी नमुन्याला नेली होतीस. दुकानदाराला दाखवायला, अशीच दे म्हणून. मी महिनाभर जनेल बंद करून बसलो, आणि तू ती नमुन्याला नेली होतीस.

  वहिनी आणखी एक म्हणाल्या, ज्यांनी तुला उचललं ते सांगत होते, तू पाळीच्या बसच्या बाजूला नव्हतास, समोरच्या बाजूला डिचोलीच्या बसची वाट बघत बसला होतास. 'घरा येवचे ते थंय कशे बसले, कळूंक ना.' डिचोलीची बस माझ्या कारापुरावरून जाते हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या वेळी सांगेन.

निघताना वहिनी जुनी चावी सोडवायला लागल्या. मी म्हटलं, राहू दे तिथंच. त्यांनाही तेच हवं होतं. नवी तेवढी मी आणली.

आज सकाळी फळी उचलून लाल स्विचसमोर बसलो. चावी भोकात धरली आणि थांबलो. तुझ्या नियमानं बघितलं तर पहिली चावी तुझ्याकडेच आहे. ज्याच्याकडे चावी, तो खाली आहे असं धरायचं, आणि दुसरी चावी हातात आहे म्हणून फिरवायची नाही. मी खाली उतरलो. गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. फणसाची पानं आणि तुझी जुनी चप्पल. मग उभा राहून, दोन वर्षं ज्याला हसलो ते केलं. मोठ्यानं ओरडलो, 'सकयल कोण आसा?'

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, 'मास्तर, कोणाक उलो मारतात?'

म्हटलं, कोणाक ना.

दुसऱ्यांदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडताना आवाज फुटला. मग ओ येते का म्हणून थांबलो. तू थांबायचास त्याहून बराच जास्त वेळ थांबलो. तू नाहीस हे मला तेव्हा कळलं, बाराव्याला नव्हतं कळलं.

मग आत जाऊन चावी फिरवली. तिन्ही दिवे लागले. पंप घरघरला. आणि डोक्यावर पंखा फिरायला लागला.

मी त्याला हात लावला नव्हता. केरीच्या त्या रात्रीनंतर कोणीच लावला नव्हता. त्या रात्री मी बटण दाबलं तेव्हा पंखा बंद झाला नव्हता, बंद असलेला चालू झाला होता. मास्तर फटिंग. तुझं बरोबर होतं.

पण त्या संध्याकाळी बॅटरी भरली होती आणि चावी तुझ्या खिशात होती. माझ्या अंगणात गाडी लावून तू एवढंच करायचं होतंस, चावी घालायची, पंखा फिरताना बघायचा, मला जनेलातून बाहेर ओढून दाखवायचा. तू चावी घातली असतीस तर पंखा बंद केल्याशिवाय उतरला नसतास, तुला मी ओळखतो. पंखा चालूच होता, म्हणजे तू चावी घातलीच नाहीस. चूक कोणाची ते न बघताच तू माझ्यासाठी दुसरी चावी आणायला गेलास.